काठीला दिलेले तीन गुण

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. रविवारी जग लोळत पडलेलं असताना आम्ही मशिनवर, आणि गुरुवारी जग कामाला गेलं की आम्ही कासार आंबोलीच्या एका ओसरीवर राक्षस मारत बसलेलो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. चौघंही तिशीच्या आसपास, दोघांना पोरंबाळं. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

खेळ मी आणलेला. मी उरवड्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर. आमच्या साहेबांचा भाचा परदेशातून आला आणि जाताना एक फाटकं इंग्रजी पुस्तक रद्दीत टाकून गेला. ते मी उचललं, डिक्शनरी घेऊन चार महिने बसलो आणि दोनशे पानी वहीत त्याचं मराठी केलं. खेळ असा: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक लढवय्या घ्यायचा. भुयार आलं, वेताळ आला, की आपण काय करणार ते तोंडानं बोलायचं. वार लागला का हुकला ते फासा सांगणार. मेला तो बाहेर. पुढचा गड सुरू होईपर्यंत त्यानं पायरीवर बसून बघायचं. जो बालेकिल्ल्यावर जिवंत पोचेल त्याला वही मिळायची. पुढचा गड तो सांगणार आणि नियमही तोच लिहिणार.

त्या खेळाला आठ अंगांचा फासा लागायचा. आमच्याकडे सापशिडीचा. आमच्यातला टर्नर म्हणाला, "त्यात काय, मी काढतो की." भंगारातलं पितळ घेऊन, जेवणाच्या सुट्टीत कानशीनं घासून घासून त्यानं असा फासा काढला की मी व्हर्नियर लावून बघितला, तर आठही अंगं सारखी. मोजला म्हणून रागावला मात्र. "माजं काम मोजतुयास व्हय रं?"

टर्नर शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतला. ओसरी ज्याची होती तो जुन्या शेतकरी घरातला. आमच्याच कारखान्यात पॅकिंगला, पण चालणं असं, की कारखाना याच्या सासऱ्यानं हुंड्यात दिला असावा. टर्नर त्याला 'तुमी' म्हणायचा, तो टर्नरला 'तू'. चौथा पोस्टात होता, गुरुवारी टपाल लवकर वाटून यायचा आणि कशालाही "लई भारी" म्हणायचा.

आता हत्यारं. पुस्तकात तलवारीला आठ अंगांचा फासा, बाकी सगळ्यांना साधा, आणि काठीला साधा फासा उणे दोन. मी बैलासारखा जसंच्या तसं उतरवलं. परिणाम काय? प्रत्येकाला तलवार हवी. ओढा ओलांडायचाय, तलवार. करवंदीच्या जाळीत शिरायचंय, तलवार. पोस्टवाल्यानं तर एकदा झाडावर चढायला तलवार काढली. यादीत भाला होता, कोयता होता, कुऱ्हाड होती. सगळी लग्नातल्या दूरच्या नातेवाइकांसारखी नुसती उभी.

मग ओसरीवाल्यानं जाहीर केलं, की तलवारी दोनच. एक त्याची, एक पोस्टवाल्याची. "गावात तलवार कुनाकडं असायची? आमच्याच घरात. हितिहास हाय त्यो." घरात तलवार होती हे खरं. खंडेनवमीला खाली निघायची, हळदकुंकू व्हायचं, परत खुंटीला. पण ती म्यानात गंजून अशी चिकटली होती, की तीन माणसांनी ओढली तरी निघेना. पूजा म्यानाचीच व्हायची.

"आन् मी काय घेऊ?" टर्नरनं विचारलं.

"तू काठी घे. तुमच्याकडं काठीच असायची."

टर्नर म्हणाला, "आन् राक्षस कुटल्या हितिहासात होता?" पोस्टवाला "लई भारी" म्हणाला आणि ओसरीवाल्याचं तोंड बघून गप्प झाला. मीही गप्पच. गोष्ट सांगणारा मी, नियमाची वही माझ्या मांडीवर, पण ओसरी त्याची आणि चहाही त्याच्या घरचा.

टर्नर तीन गड काठीवर खेळला आणि तिन्ही वेळा पहिल्या दरवाजात मेला. त्यानंच केलेल्या फाशानं दुसरे खेळायचे आणि हा पायरीवर. बालेकिल्ला मात्र त्या दोघांनाही गाठता आला नाही, म्हणून वही माझ्याकडेच राहिली. त्याला वही हवी होती, दुसरं काही नको. एकदा सायकलवरून जाताना म्हणाला, "एकदा वही माज्या हातात येऊ दे. लई नियम सुचल्यात मला."

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की शहाणपणा सुचतो, हा माझा जुना आजार. आठवडाभर मी हत्यारं मोजत फिरलो. स्टोअरची टेप घेऊन कोयत्याचं पातं मोजलं. करवंदीच्या जाळीत काठी फिरवून बघितली, अंगभर ओरबाडून घेतलं. न्हाणीत उभा राहून तलवार म्हणून फूटपट्टी फिरवली तर कोपर भिंतीवर आपटलं. बायको बाहेरून म्हणाली, "आत काय चाललंय, का डोक्यावर परिणाम झालाय?"

पण नियम असे झाले की मलाच माझं कौतुक वाटलं. भाला फेकला की हात रिकामा. जाळीत कोयता राजा. तलवार मोकळ्या मैदानात एक नंबर, पण भुयारात तिला फिरवायला जागा नाही, भिंतीला लागते, वार वाया. आणि काठी! काठीनं पाण्याचा ठाव घेता येतो, अंधारात पुढं चाचपता येतं, अडचणीत ढोसता येतं, वार अडवता येतो. काठीचे उणे दोन काढून मी तिला वर तीन गुण दिले. पुढचा गड सगळा भुयाराचा ठेवला. कुणासाठी, हे सांगायला नको. वहीची स्वच्छ प्रत टर्नरनंच काढून दिली, त्याचं अक्षर मोत्यासारखं.

गुरुवारी मी नियम वाचून दाखवले. ओसरीवाल्यानं बोटांवर हिशेब केला, दोनदा केला, आणि म्हणाला, "काठी म्या घेतो."

"आरं, पण हितिहास?" मी म्हणालो.

"आमचा आजा काठीबिगर घराभाईर पडत नव्हता," तो म्हणाला. एका चहात इतिहास फिरला! वर मोठ्या मनानं टर्नरला म्हणाला, "तुला पायजे व्हती ना तलवार? घे आता."

मी टर्नरजवळ सरकलो आणि कानात सांगितलं, "तलवार भुयारात अडकते. काठी तुझ्यासाठी केलीय. भांड आणि घे, मी तुझ्या बाजूनं बोलतो."

तो हळू बोलला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "माजा बाप गावकी करायचा, सगळ्या गावाची चाकरी. निरोप घिऊन पुढं पळायचा, हातात घुंगराची काठी. धर्म बदलला त्या दिवशी त्यानं ती चुलीत घातली. आन् तू ती पुसून मला परत देतुयास, वर तीन गुण लावून. मला इचारलंस का, काय घेऊ म्हणून? मी तलवार घेतो. अडकंल तर अडकंल."

अडकली. माझेच नियम, मीच ते वाचले, दुसऱ्या भुयारात वेताळानं त्याला खाल्लं. तो पायरीवर जाऊन बसला नाही, उभाच राहिला. ओसरीवाला काठी ढोसत ढोसत बालेकिल्ल्यावर पोचला. वही त्यानं घेतली आणि पहिल्याच पानावर लिहिलं: काठी एकच, ती घरमालकाची. टर्नरनं फासा उचलला, रुमालानं पुसला, खिशात घातला आणि सायकलवर टांग टाकली.

पुढच्या आठवड्यात फासा आणायला अर्थातच मला पाठवलं. मी वस्तीत न जाता त्याला टूलरूममध्येच गाठलं. तो मशीन पुसत होता. म्हणाला, "फासा कशाला नेतुस? तूच ये. येत्या गुरुवारी माज्या घरी गड हाय. मी सांगणार. हत्यारांची यादी न्हाई. ज्यानं त्यानं आपलं ठरवून यायचं. कारभारीण जेवाय करनार हाय."

मला आनंद झाला, खरंच झाला. मी भुयारातून निघायच्या तीन युक्त्याही ठरवल्या. मग आई काय म्हणेल ते आठवलं, आळी काय म्हणेल ते आठवलं, जेवणाचं आठवलं. बुधवारी मी त्याला सांगितलं, की उद्या जमणार नाही, कारखान्यात काम आहे.

"बरं," तो म्हणाला आणि मशीन पुसत राहिला. गुरुवारी कारखान्याला कुलूप असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.