आईच्या जागी बसलेली रेखा

पुण्याची एसटी हायवेवर थांबली तेव्हा माझी बॅग रेखानं वर चढवली. आई खाली उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. हाताला फटाक्यांच्या दारूचा वास होता, कितीही साबण लावला तरी तो जायचा नाही. "इकडचं ध्यान करू नको," ती म्हणाली. रेखा खिडकीखाली येऊन ओरडली, "तिकडं कॅचर नीट बघून घे. तुझा बॉल कुणालाबी झेपायचा न्हाय!"

गावातल्या मुलींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. माझ्या खेळाबद्दल गावात पुष्कळ बोललं जातं. त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही.

तेरखेड्याच्या बाजूचं आमचं गाव. वडील मी लहान असतानाच गेले. आई फटाक्याच्या शेडमध्ये बसून दारू भरायची. शाळेत सरांनी सॉफ्टबॉल सुरू केला तो मुलींना दहावीला खेळाचे गुण मिळावेत म्हणून. मी पिचर झाले, खालून हात फिरवून बॉल टाकणारी. रेखा माझी कॅचर, माझा बॉल झेलणारी. ती बॅट धरलेल्या पोरीच्या मागं, होम प्लेटशी बसून गुडघ्यांच्या आड बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे खाली पडणारा. मी तिची बोटं बघून बॉल टाकायचे, समोरच्या पोरीकडं बघायचेच नाही. पुण्याच्या कॉलेजसाठी आम्हा दोघींची निवड झाली होती. तिच्या घरच्यांनी तिला पाठवलं नाही. ती घरी मशीनवर ब्लाऊज शिवायला लागली.

पुण्यात मी खेळत राहिले. राज्याच्या संघात आले, चार वेळा नॅशनल खेळले, एकदा भारताच्या कॅम्पलाही जाऊन आले. या खेळात पगार नसतो. खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी ऑफिसात क्लार्क झाले. सकाळी प्रॅक्टिस, मग दिवसभर फायली. आईचा फोन रविवारी यायचा. "शेडमधला पंखा काढला मालकानं, ठिणगी पडती म्हणं." पुढच्या रविवारी, "माझ्या शेजारी बसती त्या पारूच्या पदराला जाळ लागला व्हता. इझवला लगीच." मी म्हणायचे, जपून राहा गं. फोन ठेवायचे आणि ग्राउंडवर जायचे. त्या उन्हाळ्यात असे फोन वाढले होते. आज आठवतं तेव्हा वाटतं, ती मला सांगत होती आणि मी नुसती ऐकत होते.

त्याच उन्हाळ्यात नॅशनलची फायनल पुण्यात होती. आईनं माझी एकही मोठी मॅच बघितली नव्हती. मीच हट्ट धरला. मालक म्हणाला, जायचं तर बदली माणूस देऊन जा. रेखा कधी शेडमध्ये बसली नव्हती. तरी ती आईला म्हणाली, "मावशी, तुम्ही जावा. दोन दिसाचं तर काम. मी बसते तुमच्या जागंवर." फोनवर मला हे कळलं तेव्हा पारूचा पदर आठवला. पण मी नको म्हटलं नाही.

मॅचला आई पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. सारखी तळहात नाकाशी नेऊन हुंगत होती. शेवटच्या डावात मी तिघींना ओळीनं स्ट्राइक आऊट केलं, बॉल न मारताच तिघी बाद. एक-शून्यनं जिंकलो. मुली मला उचलून नाचत होत्या आणि मी आईकडं बघितलं, तर ती उभी होती, कानाला फोन लावून. 

गावात त्या दुपारी शेड उडाली होती. चार बायका होत्या आत. पारू जागीच गेली.

आम्ही तशाच सोलापूरच्या दवाखान्यात गेलो. रेखाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत होते. भुवया जळालेल्या. माझ्या अंगावर मॅचचीच जर्सी होती.

"जिंकलीस का?"

"हो."

"कितीनं?"

"एक-शून्य."

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "कॅचर कोण व्हती?"



रेखा वाचली. उजव्या हाताची तीन बोटं गेली, डाव्याची एकमेकांना चिकटली. शिलाई मशीन विकावी लागली. मी पुढचा हंगाम खेळले, पण पिच करताना समोर कॅचर बसली की माझा हात वरूनच परत यायचा, बॉल सुटायचाच नाही. त्या वर्षी मी खेळ सोडला. आईनं शेड सोडली. मी म्हटलं, आता पुण्याला चल. ती म्हणाली, "रेखाची वेणी कोण घालणार? मी इथनं हलायची न्हाय." शेड मात्र पुन्हा उभी राहिली, जुन्या जागेपासून थोडी पुढं. दिवाळीच्या आधी तिथं आताही बायका वाढतात.

महिन्यातून एकदा मी गावी जाते. आईकडं बॅग टेकवून आधी रेखाच्या घरी. तिची आई मला बघितलं की दार लावून घेते. पहिल्यांदा ती एवढंच म्हणाली होती, "तुझी आय वाचली. लई बरं झालं." त्यानंतर एक शब्द नाही. मी पायरीवर बसते. थोड्या वेळानं कडी वाजते, रेखा बाहेर येते, माझ्या शेजारी बसते. कधी बोलतो, कधी नाही.

लोक विचारतात, गाव म्हणजे तुझ्यासाठी आता काय? ती पायरी. तेवढंच उरलंय, आणि तेही रेखाच्या मनावर आहे. एखाद्या दिवशी ती बाहेर येणार नाही, या भीतीनंच मी दर महिन्याला एसटीत बसते.