तीन महिन्यांचा कागद

आमच्या कॅम्प दोन वस्तीतली ती पार्लरवाली आयब्रो करताना कधीच बोलायची नाही. दोरा तिच्या दातांत असायचा. लग्नाआधी समोरच्या क्लिनिकमध्ये नाक बारीक करून घेणार आहे, असं मी सांगितलं, तेव्हा मात्र तिने दोरा सोडला. भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवून म्हणाली, "माझा हा तीन महिन्यांचा कोर्स. समोरच्या मॅडमकडेपण हाच कागद आहे, फक्त फ्रेम मोठी. एका बाकावर शिकलो आम्ही. अगं, नाकाचं ऑपरेशन म्हणजे प्लास्टिक सर्जनचं काम."

मग माझ्या नाकावर सांडलेली पावडर तिने हलकेच पुसली. "आईवर गेलंय ना हे?"

मी आरशात पाहिलं. आईला जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी तिचं नाक बदलायला निघाले होते.