समोरच्या काकूंची खिडकी

नाशिकच्या आमच्या इमारतीत समोर राहणाऱ्या, मूळच्या नांदगावच्या काकूंचा सगळा कारभार खिडकीच्या कट्ट्यावरून चालतो. तिथे मिरच्या वाळतात, कावळ्याला पोळी मिळते, दुधाची पिशवी येते आणि विरजणाची वाटीही तिथूनच सरकते. आत या, असं त्या कुणाला म्हणत नाहीत. "दार कशाला? खिडकी हाय ना!" मला याचा रागच यायचा. त्यात सोवळं इतकं कडक की सुतकातल्या घरची वस्तू त्या कट्ट्यालाही टेकू देत नसत.

आई गेली त्या दिवशी अमरधाम स्मशानभूमीतून परतलो, तर आमच्या खिडकीत पिठलं-भाताचा डबा झाकून ठेवलेला होता. डबा काकूंचा होता.

दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून मी त्यांच्या खिडकीशी गेलो, पण कट्ट्यावर ठेवायचा धीर होईना.

"काकू, सुतक आहे. डबा खाली पायरीवर ठेवू का?"

आतून कडी वाजली आणि दार सताड उघडलं.

"तिथं काय उभा राहिलास?" काकू नेहमीसारख्याच खेकसल्या. "आत ये. चहा टाकलाय."