वरच्या ताईचा डबा

बांधकामावर तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. ती सगळ्यांची 'वरची ताई'. उंच क्रेनच्या टोकाशी, काचेच्या एवढ्याशा केबिनमध्ये बसून ती लोखंडी सळयांचे भारे असे उतरवायची की खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळू नये. ती नवी आली तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली होती. मग एका दुपारी अचानक वारा सुटला. सिमेंटची एक भलीमोठी लादी तेव्हा अधांतरी लोंबकळत होती. ताईने घाई न करता ती अलगद जागेवर टेकवली, आणि त्या दिवसापासून सगळ्यांची तोंडं बंद झाली.

खालून तिला इशारे देणारा सिग्नलवाला तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होता. वॉकीटॉकीवरून तो "ताई, जरा डावीकडे, आता सोडा, सोडा, बास!" असं ओरडायचा. आवाज इतका दणदणीत की वॉकीटॉकी बंद पडली तरी काम अडू नये. त्यामुळे त्याचं नाव भोंगा पडलं होतं.

कामात ताई अशी चोख, पण खाण्याच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. नवरा एका बेकरीची गाडी चालवायचा. दुकानादुकानांत माल पोचवून झाला की उरलेले गोड पाव, केक आणि बिस्किटं बेकरीवाला त्यालाच देऊन टाकी. फुकटचं, शिवाय चविष्ट. बेकरीचा धंदा मंदावून नवऱ्याचा पगार कापला गेला, तसं घर हळूहळू त्या पिशवीवरच चालायला लागलं. सासूबाईंच्या तोंडात दात औषधालाही उरले नव्हते. चहात बुडवलेला गोड पाव म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शाळकरी लेक तर केकवर वाढलेली. ताईच्या डब्यातही तेच, आणि वर गार, रंगीत सरबताची एवढीशी बाटली, तीही दिवसभर घोटघोट पुरवलेली. पाणी ती मुद्दामच प्यायची नाही. प्यायलं की खाली उतरावं लागणार, मग काम थांबणार, आणि मुकादमाची कटकट कोण ऐकून घेणार?

क्रेनवर चढायची शिडी तिला आधी कधी जाणवलीच नव्हती. मग मधल्या एका टप्प्यावर ती थांबायला लागली. मग प्रत्येक टप्प्यावर. आणि एका सकाळी अर्ध्या उंचीवर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कमरेचा पट्टा शिडीला अडकवलेला होता म्हणून निभावलं. ती दांड्याला गच्च धरून, डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"ताई! काय झालं? ताई, बोला ना!" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच कापत होता.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," ती म्हणाली. "खाली येते."

ती स्वतःच्या पायांनी उतरली, पण त्या दिवशी पुन्हा वर चढली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "रक्त कमी आहे आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. अजून आत आलेली नाही, तिथूनच परत पाठवता येईल. दिवसभरात खाता काय?"

ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या घ्या, पण पोटात जे जातंय ते बदला. गोड आणि मैदा कमी. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, अंडी. आणि पाणी प्या, बाई."

कंपनीने तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर एका बदली माणसासोबत अर्धी पाळी. मुदतीनंतर तपासणीत पास झाली तर क्रेन तिचीच, नाहीतर खाली गोदामात, कमी पगारावर.

ताई घाबरणाऱ्यातली नव्हती. "तीन महिने? पुष्कळ झाले," असं म्हणत तिने कंबर कसली. पण पहिलं पाऊलच चुकीचं पडलं. मोठ्या चकचकीत दुकानात जाऊन तिने 'आरोग्यदायी' असं छापलेलं जे जे दिसलं ते टोपलीत टाकलं. परदेशी तेल, डब्यातली पावडर, सुक्या फळांची पाकिटं, आणि पक्ष्यांना घालायच्या दाण्यांसारखं दिसणारं कसलंतरी बी. महिना अर्ध्यावर यायच्या आत वाणसामानाचे पैसे संपले. उरलेले दिवस घराने मीठ घातलेल्या भातावर काढले.

"हे खाल्लं की माणूस निरोगी होतो?" सासूबाईंनी ते बी चमच्याने ढवळत विचारलं. "मला तर हे बघूनच आजारी पडल्यासारखं वाटतंय."

लेक खुदकन हसली. ताईलाही हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा पडलेलाच होता. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मी रोज पिशवी भरून आणतो, ते काय विष आहे का?"

"विष नाही हो," ती त्याच्याजवळ बसत म्हणाली. "तुम्ही आणलंत म्हणून तर आपलं भागलं. पण मला त्या शिडीवर चढायचंय, आणि पावाच्या जोरावर आता चढवत नाही."

तो उठून झोपायला निघून गेला. पण दुसऱ्या दिवशीची पिशवी जरा हलकी होती.

पुढची गोष्ट ताईला सुचली ती वर बसल्या बसल्या. केबिनच्या उजव्या काचेतून भाजीचा घाऊक बाजार तळहातावर ठेवल्यासारखा दिसायचा. इतकी वर्षं तिने तो नुसता पाहिला होता. आता निरखायला लागली. सकाळी पुढच्या दाराशी गर्दी, चढे भाव, ओरडाआरडा. पण दुपार कलली की मालाची दुसरी खेप यायची, आणि जागा करायला म्हणून सकाळचा उरलेला माल मागच्या दाराशी नेऊन ठेवत. तिथे गिऱ्हाईक असं नव्हतंच. थोडा वेळ वाट बघून ती खोकी गुरांच्या चाऱ्याच्या गाडीत जायची.

पाळी संपल्यावर ताई थेट त्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथली भाजीवाली खोकी रचत होती.

"मावशी, हा पालक कसा दिला?"

भाजीवालीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला इथला रस्ता कुणी दाखवला गं? पुढच्या दाराच्या बायकांना ठाऊक नाही हा."

ताईने आकाशाकडे बोट दाखवलं. दूरवर क्रेन उभी होती. "तिथून दिसतं."

"अगंबाई! म्हणजे मी दुपारी पेंगते तेही दिसतं?"

"तेवढं नाही दिसत," ताई म्हणाली, "पण आता कळलं."

भाजीवाली खळखळून हसली, आणि भाव तिथेच उतरला. पालकाच्या जरा मलूल जुड्या, वाकडी गाजरं, बाहेरची पानं फाटलेला कोबी, पिकून मऊ झालेले टोमॅटो. कुजकं काही नव्हतं. फक्त देखणं नव्हतं. सकाळच्या निम्म्याहून कमी पैशांत पिशवी गच्च भरली. मग पाकिटातल्या वस्तूंऐवजी तिने सुटी कडधान्यं घेतली: हरभरे, मसूर, चवळी. ती रात्री भिजत घातली की सकाळी दुप्पट फुगलेली दिसत, आणि ते बघूनच तिला श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

अडचण होती सासूबाईंच्या दातांची. पहिल्या दिवशी त्यांनी एक हरभरा तोंडात धरला, इकडून तिकडे फिरवला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. "सूनबाई, हा तूच चाव आणि कसा लागतो ते मला सांग."

ताईने हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी मसूर, गाजर, टोमॅटो आणि पालक एकत्र इतके शिजवले की सगळं एकजीव झालं. वर लसणाची फोडणी. सासूबाईंनी एक वाटी संपवली, वाटी पुढे केली, आणि दुसरीही संपवली. लेकीला पालक दिसायला नको होता. या घट्ट आमटीत तो दिसतच नव्हता. तिला कळलं तोवर पालकाशी तिची चांगली ओळख झाली होती.

आता राहिला नवरा. एका संध्याकाळी तो नेहमीसारखा पिशवी घेऊन आला, पण या वेळी ती छातीशी धरून, जपून. आत अंडी होती.

"बेकरीत रोज ढिगाने येतात," तो म्हणाला. "वाहतुकीत काहींना बारीक तडा जातो. मालक ती घेत नाही, अंडीवाला परत नेत नाही. मी म्हटलं, पाव नको, मला ही द्या. जवळजवळ फुकटच. मात्र आजच्या आज शिजवायची, आणि नीट कडक."

ताईने एकेक अंडं उचलून पाहिलं. जी गळत होती ती बाजूला काढली. "अहो, हे तुम्हाला सुचलं?"

"तू एकटीच वर बसून विचार करतेस की काय?" तो म्हणाला. कित्येक दिवसांनी तो असा ऐटीत बोलला होता.

डब्याचंही तिने गणित बसवलं. केबिनमध्ये एक हात मोकळा मिळाला तरी भाग्य, आणि गरम करायला काही नाही. त्यामुळे चमच्याने खाता येईल आणि गार झालं तरी चव जाणार नाही असंच ती न्यायची. उकडलेले हरभरे, त्यात बारीक चिरलेला कोबी, लिंबू, मूठभर शेंगदाणे, आणि सकाळीच आणलेलं एखादं धडधाकट अंडं उकडून. पाण्यासाठी मात्र तिला भांडावं लागलं. दुपारी एकदा खाली उतरायची सवलत हवी, असं ती मुकादमाला म्हणाली.

"दहा मिनिटं क्रेन थांबवायची?" मुकादमाने कपाळाला आठ्या घातल्या.

"सळया दहा मिनिटं थांबतात, साहेब. माझी मूत्रपिंडं थांबत नाहीत."

आजूबाजूची माणसं हसली. मुकादम हात झटकत म्हणाला, "जा बाई. पण वेळेवर वर ये." त्या एका उतरण्या-चढण्याने तिचा दमही वाढत गेला.

भोंग्याला सगळ्यात आधी फरक कळला. "ताई, तुमच्या आवाजातली धाप गेली," तो एका सकाळी वॉकीटॉकीवर म्हणाला. "आणि डब्यात काय असतं हो? तुमचं बटण दाबलेलंच राहतं, तुम्ही खाता ते मला ऐकू येतं. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

"कानात बोळे घाल मग," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने एक छोटा डबा त्याच्यासाठीही आणला. पुढच्या आठवड्यापासून तो स्वतःच मागच्या दाराशी जाऊन भाजी आणायला लागला आणि एवढ्या मोठ्याने भाव करायला लागला की भाजीवालीने कानांवर हात ठेवले.

मुदत संपली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. साखर उंबरठ्यावरून मागे सरकली होती. रक्त अजून हवं तितकं नव्हतं, पण बरंच वाढलं होतं. गोळ्या आणखी काही दिवस चालू ठेवायच्या होत्या. वजन थोडंच उतरलं होतं, आणि ताईला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. कंपनीच्या माणसासमोर ती शिडी चढली. एकदाच थांबली, तीही तो मागून धापा टाकत येत होता म्हणून.

"तुम्ही दुपारी काय खाता?" वर पोचल्यावर तिने त्याला विचारलं. त्याने दम खात कागदावर सही केली.

वर्षभराने ती इमारत पूर्ण झाली आणि ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणखी उंच क्रेनवर पाठवलं. पगारही थोडा वाढला. तिथल्या केबिनमधून बाजार दिसत नव्हता. नुसते गोदामांचे पत्रे. पहिल्याच दिवशी पाळी संपल्यावर ती त्या गल्ल्यांमधून फिरली. एका दारातून ओळखीचा वास आला. डाळीची गिरणी होती. भरडताना तुटलेली डाळ कोपऱ्यात वेगळी साठवलेली.

"या तुकडा डाळीचं काय करता?" तिने गिरणीवाल्याला विचारलं.

"कोण घेणार, ताई? दिसायला बरी नाही."

"शिजायला लवकर शिजते ना?"

"ते तर शिजतेच."

तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्यापुढे तिचं तोंड उघडून धरलं. "मग भरा," ती म्हणाली. "काठोकाठ."