बोंडल्यातली कॉफी

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी गावी आलो तेव्हा थोरल्या भावाने मुंबईत, त्याच्या गिरणीत, माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. मला मात्र पुण्याला परत जायचं होतं. भावाचं बोलणं घरात सगळ्यांना माहीत होतं. माझं फक्त मला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगावर. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेज किती वर्षांचं असतं याचा कुणालाच अंदाज नव्हता. एक वर्षाचं असावं असं बाने धरलं होतं. शेतातली कामं वर्षावर चालतात, तेव्हा त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"झालं ना तुझं?" मी आलो त्या दिवशी त्याने विचारलं.

मी होय आणि नाही यांच्या मधलं काहीतरी बोललो. बासमोर मला नीट बोलता येत नसे. म्हणूनच मी सगळी आशा प्रोफेसरांवर ठेवली होती.

प्रोफेसर इतिहास शिकवत. मूळचे धारवाडकडचे, विधुर, घरात एकटेच. त्यांच्या मागच्या खोलीत मी राहत असे. दर रविवारी ते लोखंडी कढईत कॉफीच्या बिया स्वतः भाजत, आठवड्यापुरत्याच. भाजून जुनी झालेली कॉफी म्हणजे नुसतं रंगीत पाणी, असं त्यांचं मत होतं. सुट्टी लागताना ते मला म्हणाले, "मी मे महिन्यात महाबळेश्वरला असेन. तिथून पोलादपूरला उतरतो, तुझ्या वडिलांशी बोलतो आणि मग रायगड बघायला जातो. माझी काही सोय करू नकोस. सकाळी चांगली कॉफी मिळाली की मला बाकी काही लागत नाही."

यातलं शेवटचं वाक्य मी फार मनावर घेतलं. चांगली कॉफी मिळाली तर ते बाशी नीट बोलतील, नाही मिळाली तर मी गिरणीत जाईन, इतकं सरळ गणित मी मांडलं. घरी फक्त माझे पुण्याचे मास्तर पाहुणे म्हणून येणार एवढं सांगितलं आणि कॉफी शोधायला महाडला गेलो.

महाडला तेव्हा चहा मिळत असे, अगदी बाजाराच्या तोंडाशी. मी तिथल्या हॉटेलात शिरलो आणि कॉफी आहे का म्हणून विचारलं. गल्ल्यावरच्या मालकाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुणाला काय झालंय?"

"कुणाला काही नाही. पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांना काय झालंय?"

मला याची आठवण राहायला हवी होती. आमच्या बाजूला कॉफी कोणी चवीसाठी पीत नसे. मोठं दुखणं काढून उठलेल्याला, बाळंतिणीला, जायफळ उगाळून घातलेली कॉफी देत. धडधाकट माणसाने कॉफी मागणं म्हणजे धडधाकट माणसाने डोली मागण्यासारखं होतं. पण वर्षभर प्रोफेसरांच्या घरी राहून माझं मन थोडं निराळं झालं होतं, आणि ते निराळं झालंय हे मला महाडच्या बाजारात उभा असताना कळत होतं.

मालकाने किराणा दुकानाकडे बोट दाखवलं. दुकानदाराने वरच्या फळीवरून डबा काढला. आतली भुकटी दगडासारखी झाली होती. त्याने ती वजनाच्या मापाने फोडली. तिला हिंगाचा वास होता.

"ताजी आहे का?" मी विचारलं.

"गेल्या तापाच्या साथीत आणलीय."

"भाजून किती दिवस झाले असतील?"

दुकानदाराने माप खाली ठेवलं. "असं अजून कोणी विचारलं नव्हतं हो. घरात माणूस आडवा पडल्यावर कुणाला सुचतंय? फारच झालंय का त्यांना?"

"त्यांना काही झालेलं नाही."

"बरं बरं," तो दिलासा देत म्हणाला. "तुम्ही वैद्यबुवांकडे जा."

वैद्यबुवा नदीच्या बाजूला राहत. पेठेत त्यांना फार मान होता. मी कॉफीचं नाव काढताच ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. तिच्यात हिरवट, कच्च्या, टपोऱ्या बिया होत्या. मलबाराकडून येणाऱ्या गलबतावरून ते त्या मागवत. बिया हाताला गार लागल्या, वास ओल्या गवतासारखा.

"भुकटीत काही जीव नसतो," ते म्हणाले. "भाजल्याबरोबर द्यायची. शिळी झाली की गेली."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! अगदी प्रोफेसरांचंच वाक्य. मी म्हणालो, मला हीच हवी. ते म्हणाले, नाडी बघितल्याशिवाय मी देत नाही, पण माणूस दूर असेल तर लक्षणं सांग.

मी म्हणालो, "लक्षणं नाहीत. त्यांना कॉफी लागते, एवढंच."

"केव्हा लागते?"

"सकाळी उठल्याबरोबर."

"नाही दिली तर?"

मी आठवून, खरं तेच सांगितलं. "डोकं धरतं. कुणाशी बोलत नाहीत. कपाळ दाबून बसतात. एकदा मी दार वाजवलं तर अंगावर ओरडले."

"दिल्यावर?"

"पाच-दहा मिनिटांत बरे होतात. मग हसतातसुद्धा."

"पुन्हा होतं?"

"संध्याकाळी चारच्या सुमाराला."

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं चाललंय?"

"वीस तरी असतील. त्यांच्या वडिलांनाही होतं असं म्हणतात."

वैद्यबुवांनी डोळे मिटले. मग पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी स्वतः येतो. असा रोगी पाहिलेला नाही."

मी परत पोलादपूरला पोचण्याआधीच बातमी मोटारीने पुढे गेली होती. वाडीत शिरतो तो बा अंगणात उभा.

"मास्तराला इतकं झालंय आणि तू बोललास नाय?"

"बा, ते आजारी नाहीत."

"मग वैद्य कशाला येतोय?"

मी बियांची पिशवी आयच्या हातात दिली. एक गोष्ट मात्र त्या दिवशी बाच्या मनासारखी झाली होती. एवढा शिकलेला बामण आपल्या घरचं पाणी तरी घेईल का, या काळजीत तो दोन दिवस होता. आता ती मिटली. "दवा म्हणून देऊ," तो आयला म्हणाला. "दव्याला कसलं सोवळं?"

प्रोफेसर ठरल्या दिवशी मोटारीतून उतरले. डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी, चेहरा महाबळेश्वरच्या हवेने लाल झालेला. भावकीतली चार माणसं डोली घेऊन उभी होती. चेहऱ्याची लाली पाहून त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"ताप दिसतो रे," एकजण हळूच म्हणाला.

"ही काय पद्धत आहे का इकडची?" प्रोफेसरांनी मला विचारलं.

मी पुन्हा तेच, होय आणि नाहीच्या मधलं बोललो. हा मान असावा असं समजून ते संकोचाने डोलीत बसले. चढावर दोनदा त्यांनी उतरायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा माझ्या चुलत्याने त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि म्हणाला, "निजून ऱ्हावा, मास्तर. लाजायचं नाय."

वाडी जवळ आली तसा वास आला. आय चुलीवर खापरात बिया भाजत होती. मंद आचेवर, हात न थांबवता, जशी ती नाचणी भाजायची तशी. तिने उभ्या जन्मात कॉफी भाजली नव्हती, पण तो वास पुण्यातल्या कुठल्याही रविवारपेक्षा चांगला होता. प्रोफेसर डोलीत उठून बसले. मान लांब करून त्यांनी दोन-तीनदा जोराने श्वास घेतला.

"वाह," ते म्हणाले.

"दम लागला! चला रे, पाय उचला," चुलता ओरडला आणि डोली पळत अंगणात आली.

ओटीवर गोधड्या घातल्या होत्या. वैद्यबुवा आधीच येऊन बसले होते. त्यांनी प्रोफेसरांचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. प्रोफेसर मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर जो भाव होता तो मी फक्त लहान मुलांच्या तोंडावर पाहिला आहे. मलाही वाटलं, आता सगळं ठीक होणार.

आय बाहेर आली. तिच्या हातात सहाण होती. वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे तिने भाजलेली एक बी सहाणेवर पाण्यात उगाळली, मोजून सात वेढे, तान्ह्या पोराची गुटी उगाळतात तशी. त्यावर जायफळ उगाळलं, त्याचे वेढे मात्र वैद्यबुवांनी वाढवत नेले. ते सगळं तिने बोटाने पुसून बोंडल्यात घेतलं. बोंडलं म्हणजे तान्ह्या मुलांना दूध पाजायचं चोचीचं भांडं. आमच्या घरातलं ते बोंडलं पितळेचं, त्यातून मी प्यायलो होतो आणि माझा भाऊही.

"आ करा, मास्तर," आय म्हणाली.

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. अंगणात सगळी वाडी उभी होती. त्यांनी आ केला.

ते घोटभरही नव्हतं. त्यांनी ते तोंडात बराच वेळ ठेवलं, मग गिळलं. "भाजणी उत्तम आहे," ते आयला म्हणाले. "फार उत्तम. आता यातलीच मूठभर, पाण्यात उकळून, एक तांब्याभर..."

"तांब्याभर!" वैद्यबुवा दचकले. "बघा. व्याधीच मागते ती."

प्रोफेसर बाच्या दिशेने वळले. "मी आजारी नाही. मी तुमच्या मुलाविषयी बोलायला आलोय."

"आजारी माणूस असंच बोलतो," बा प्रेमाने म्हणाला. "निजा आता."

दुसऱ्या सकाळी त्यांना कॉफी मिळाली नाही. मिळालं ते बोंडलं. दुपारपर्यंत त्यांचं डोकं धरलं. ते कपाळ दाबून भिंतीला टेकून बसले. माझ्या चुलत्याने विचारपूस केली तर त्याच्यावर ओरडले. वैद्यबुवांनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं. मी सांगितलेलं एकही लक्षण खोटं ठरलं नव्हतं.

मी आयला एकदा बाजूला घेऊन म्हणालो, "आय, त्यांना खरंच पेलाभर हवी असते गो. ती त्यांची आवड आहे."

"आवड?" आय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "कडू जहर ते. आवड कुणाला असंल?"

चारच्या सुमाराला वैद्यबुवांनी जायफळ आणखी वाढवलं. त्यानंतर प्रोफेसर जे झोपले ते तिसऱ्या दिवशी मोटारीची वेळ होईपर्यंत नीट जागे झालेच नाहीत. मध्ये एकदा त्यांनी डोळे उघडले आणि "रायगड?" असं विचारलं. बाने त्यांच्या अंगावर गोधडी ओढली.

त्यांना डोलीतूनच पोलादपूरला नेलं. मोटारीत चढताना त्यांचा पाय लटपटला. बाने धावत जाऊन त्यांना कमरेला धरून आत बसवलं. प्रोफेसरांनी खिडकीतून हात बाहेर काढला, बाच्या हातावर ठेवला आणि जायफळाने जड झालेल्या जिभेने म्हणाले, "मुलाला... पाठवा..." पुढचं बोलण्याआधी त्यांची मान खाली गेली. मोटार निघाली.

त्यांनी माझ्याविषयी काही सांगायला हवं होतं, चार वर्षं लागतात, हुशार आहे, वगैरे. यातलं काहीच सांगून झालं नाही असं माझ्या मनात आलं. परतीच्या चढावर मी बाच्या मागून चालत होतो आणि गिरणीत मला कुठलं खातं देतील याचा विचार करत होतो.

अर्ध्या वाटेत बा थांबला.

"त्यांच्या घरात बाईमाणूस कोण हाय?"

"कुणी नाही."

"पोर?"

"नाही."

"रातीला पाणी द्यायला?"

"मीच असतो मागच्या खोलीत."

बा तिथेच दगडावर बसला. डोक्याचं फडकं काढून त्याने तोंड पुसलं.

"मग तू हितं काय करतोयस रे?" तो म्हणाला. "एवढा रोगी माणूस एकटा टाकून गिरणीत जायला निघालास? शाळा शिकून हेच शिकलास व्हय? भावाला सांगावा धाड. तू पुण्याला जाणार."

"कॉलेज अजून तीन वर्षं आहे, बा," मी म्हणालो. हे मी त्याला पहिल्यांदाच सांगत होतो.

"कॉलेजाचं मला सांगू नको. मास्तर बरा होईस्तवर तू हलायचं नाय."

जूनमध्ये मी निघालो तेव्हा आयने वैद्यबुवांकडून आणखी बिया मागवून आदल्या दिवशी भाजल्या. गाठोड्यात बिया, जायफळं, आणि सहाण बांधून दिली. बोंडलंही देत होती, पण बा म्हणाला, मास्तर मोठा माणूस आहे, त्याला आता पेला धरता येईल.

पुण्याला प्रोफेसरांनी गाठोडं सोडलं, बियांचा वास घेतला आणि काही न बोलता पाणी उकळायला ठेवलं. दोन पेले भरून एक माझ्यापुढे सरकवला. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "वीस वर्षांत अशी भाजलेली कॉफी मी प्यालो नाही. तुझ्या आईला सांग." मी विचारलं, जायफळांचं काय करू? ते म्हणाले, ती माझ्या नजरेआड ठेव.

त्यानंतर मी दर सुट्टीत घरी जात असे. अंगणात पाऊल ठेवलं की बाचा पहिला प्रश्न तोच.

"मास्तराचं कसं हाय?"

मला खोटं बोलता येत नाही, बासमोर तर नाहीच. मी म्हणायचो, "अजून दोनदा लागते. सकाळी आणि चारला."

"कमी नाय?"

"नाही. परीक्षेचे पेपर तपासताना तीनदा."

बा आत वळून आयला हाक मारायचा, "अगो, खापर चढव. पोराला लौकर परत जाया पायजे."