दातात धरलेला दोर

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. गिरजाजवळही नाही — आणि खरं तर बोलायला हवं होतं ते तिच्याजवळच. गिरजा माझी बायको. आत्ता ती आत भात घोटते आहे, मला धड चावता येत नाही म्हणून. दार उघडं आहे. तेव्हा जरा जवळ सरका, मी हळूच सांगतो.

आधी कानाचं सांगू? ते सोपं आहे. माझ्या डाव्या कानात वाजतं. सतत. दूर कुठंतरी रातकिडा बसावा तसं, फक्त हा रातकिडा दिवसाही गप्प बसत नाही. घास चावला की आवाज वाढतो. जांभई दिली की कानापुढं कट् होतं आणि तो एकदम बारीक होतो. चिडून दात आवळले तर विचारूच नका. भिलाईत कुणाला याचं नवल नाही. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हापासून आम्ही घणांच्या आवाजात जगलेली माणसं. 'मशिनीनं कान गेला' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि चहा सांगतो. मीही सगळ्यांना तेच सांगत आलो. ते खोटं आहे. पण थांबा — हे मोठं खोटं नव्हे.

मला भंडाऱ्याकडून इथं आणलं श्रावणदादानं. गिरजाचा थोरला भाऊ. गावी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, पण मी भावांतला चौथा, मला तिथं काम उरत नव्हतं. दादा इथं आधीपासून खलासी होता. क्रेननं लोखंडी तुळया उचलून वर जागेवर बसवायच्या, हे खलाशांचं काम. त्यानं मुकादमाची मनधरणी करून मला टोळीत घातलं. खुर्सीपारला त्याची एक झोपडी होती. आमचं नवं लग्न, म्हणून आतली जागा त्यानं आम्हाला दिली आणि स्वतः थंडीतही बाहेर बाज टाकून झोपला. असा माणूस. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढं सांगायचं राहून जाईल.

दादा खाली उभा राहून क्रेनवाल्याला हातानं इशारे करायचा आणि वरच्यासाठी शिटी वाजवायचा. शिटी झाली की वरच्यानं दोर सोडायचा, मगच तुळई हलणार. वर मी. लोंबकळणारी तुळई फिरू नये म्हणून तिला बांधलेला दोर धरायचा आणि भोकाला भोक लागलं की बोल्ट घालायचा. आता बोल्टला लागतात दोन हात. दोराला तिसरा कुठून आणायचा? म्हणून आम्ही तो दातात धरायचो. सगळेच धरायचे. मुकादमानं बजावलं होतं, कुणाच्या दातात दोर दिसला तर त्याच दिवशी घरी. मग आम्ही त्याची पाठ फिरली की धरायचो. त्यात थोडी ऐटही होती, नाही कशाला म्हणू?

दादा मात्र रोज टोकायचा. "जवाईबुवा, दोर दातात नका धरत जाऊ. जबडा जाईन तर गिरजाले मी काय सांगू?"

मी हसायचो.

त्या दिवशी भोक केसभर चुकत होतं. माझ्या दातात दोर, हातात बोल्ट. दादानं खालून पाहिलं की तुळई तिरपी बसते आहे, पुन्हा थोडी उचलावी लागणार. आणि शिटी —

शिटी वाजली. हेच ते. शिटी वाजली आणि मी ती ऐकली, स्वच्छ ऐकली, आणि मनात म्हटलं, एवढा एक बोल्ट घालतोच. तेवढ्यात तुळई उचलली गेली. बिजागरीतून दार निघावं तसा दोरानं माझा जबडा डावीकडून उपसला. मी मचाणाच्या फळ्यांवर पडलो. दादा शिडी चढून वर आला, आपल्या गमछ्यानं माझी हनुवटी डोक्याशी आवळून बांधली आणि मला पाठीवर घेऊन उतरला. उतरताना तो रडत होता. मला ते ऐकू येत होतं.

दवाखान्यात फोरमन आला. माझं तोंड पट्टीनं बंद. त्यानं विचारलं, "सीटी बजी थी?"

त्याच्या मागं मुकादम. खाटेच्या पायथ्याशी दादा, हात जोडून नव्हे, अगदी सहज उभा, कारण उत्तर काय येणार याची त्याला खात्री होती. वर मी एकटाच होतो. खालच्यांना त्या गदारोळात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं, शिटीची हमी कोण देणार? हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग दोर का नाही सोडला? कुठं धरला होता?

मी मान हलवली. नाही. एवढ्यानंही जबड्यात कळ गेली. तुळईच तोंडावर आदळली, असं बाकीच्यांनी धरून चाललं. तोंडातून शब्द न काढता मी दादाला कामावरून घालवलं. लोक खोटं बोलणं म्हणतात. मी बोललो कुठं होतो? — बघा, अजून पळवाट शोधतो आहे.

दादा गिरजाला एवढंच म्हणाला, "बाई, मी शिटी वाजवली होती." गिरजा माझ्या बांधलेल्या तोंडाकडं बघत होती. तिनं भावाशी बोलणं टाकलं. तो गावी परतला. शिटी विसरणाऱ्या खलाशाला कुठली टोळी घेणार?

जबडा बसला, पण कान वाजायचा थांबेना. पुढं एका डॉक्टरांनी माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून तोंड उघडायला, मिटायला लावलं. कट्. कट्. म्हणाले, कान उत्तम आहे, ऐकू येणं शाबूत आहे. वाजतं आहे ते जबड्याच्या सांध्यामुळं. मग बराच वेळ तोंडात बघत राहिले. हा नुसता मार दिसत नाही, म्हणाले, दातात धरलेलं काही ओढलं गेलं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही. बाहेर बाकावर गिरजा बसलेली. जबड्याचं नाव काढलं असतं तर तिनंही तेच विचारलं असतं. मी तिला म्हटलं, "मशिनीच्या आवाजानं कान गेला. आता कमीच आयकू येईन."

पुढच्याच भाऊबीजेला दादा आमच्या दारात उभा. काखेत लुगडं. गिरजानं वाट अडवली. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमीच सांगा याच्या तोंडावर. शिटी वाजली होती का नाही?"

मी तिथंच बाजेवर बसलो होतो. किती सोपं करून दिलं होतं तिनं! एक 'हो' म्हणायचं होतं. मी कानामागं हात नेला. "काय म्हणून राहिली? कानात वाजते."

तिनं मोठ्यानं विचारलं. मी मान हलवली. तीच मान, तशीच.

दादा माझ्याकडं बघत राहिला. माझा कान त्याच्याइतका कुणाला ठाऊक होता? त्याची शिटी मी इतके दिवस कितीतरी उंचावरून ऐकली होती. शेवटी तोच म्हणाला, "राहू दे गिरजा. त्यायले आयकू येत नाही." लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेला. ते तिनं अजून नेसलेलं नाही, टाकूनही दिलेलं नाही.

तेव्हापासून मी घरात बहिरा आहे. गिरजा सगळं ओरडून सांगते. आमच्याकडं कुठली भाजी शिजली हे शेजाऱ्यांना आमच्याआधी कळतं. आणि भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. तिला भाऊ आहे. दुसऱ्यांच्या बांध्यांवर मजुरी करतो, गावाकडचे सांगतात.

परवाच्या भाऊबीजेला ती तबक घेऊन अंगणात गेली. कोर अगदी बारीक होती, कारखान्याच्या धुरात जाईल म्हणून घाई करत होती. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून मी शेजारी हात आडवा धरून उभा. ओवाळून झालं आणि ती हळूच, एकटीच असल्यासारखी पुटपुटली, "दादा, शिटी तू वाजवलीच असशीन. मले माफ कर."

माझे दात आवळले गेले. कानातलं इतकं वाढलं की वाटलं आता तिलाही ऐकू जाईल.

तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडं वळली आणि ओरडली, "चला, जेवायले चला."

मी कानामागं हात नेला आणि म्हटलं, "काय?"