कुंदा घरात रमणारी नव्हती

सोमवार, ८ जून, सकाळी ७ वाजून १४ मिनिटं. माझ्या मैत्रिणीची बदनामी झाली.

कुंदाला जाऊन आज वर्ष झालं. तिच्या जावयाने, समीरने, टोकियोतल्या ओजिमाच्या आपल्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला. रविवारी प्रार्थनेला जमायचंय. इथवर ठीक.

पुढे लिहिलंय, "आई शांत, सोशिक, घरात रमणाऱ्या होत्या. जपानला आल्या तरी फ्लॅटबाहेर फारशा पडल्या नाहीत."

हेच छापून रविवारी वाटणार आहेत. सोफ्यावर बसलेल्या फोटोखाली.

शांत? कुंदा?

मी लगेच फोन लावला. समीर म्हणाला, "मावशी, आम्ही ऑफिसमधून यायचो तेव्हा आई घरातच असायच्या. भाजी निवडत."

संध्याकाळी, हो. सकाळी नऊ ते पाच कुठे असायच्या, हे कधी विचारलंत?

अर्थात निम्मी चूक आमची. आम्ही कुणाला बोललोच नाही. आज बोलते.

कुंदा डोंबिवलीची, मी पार्ल्याची. दोघी नव्वद दिवसांच्या व्हिसावर मुलांकडे येणाऱ्या आया. बिल्डिंग एकच. ती चौथ्या मजल्यावर, मी नवव्या.

पहिल्याच एप्रिलमध्ये तिच्या नातवाला सर्दी झाली. बाईंनी सामानातून सहाण आणलेली. वेखंड विसरलेलं.

नदीकाठच्या बागेत, पाण्यालगत, तलवारीसारखी हिरवी पानं उभी होती. ही ओरडली, "शैले, वेखंड! केवढं माजलंय बघ!"

घरी जाऊन उलथनं घेऊन आली आणि बसली खणायला.

मुळाचा वास घेतला. वासच नाही.

"जपानी वेखंड दिसतंय. मिळमिळीत."

मागे हिरवा एप्रन लावलेले एक आजोबा उभे होते. मोरी-सान, बाग सांभाळणारे व्हॉलंटियर. ते कमरेत वाकले. कुंदा उलथन्यासकट वाकली. ते पुन्हा वाकले. ही पुन्हा. मी मध्ये पडले नसते तर दोघं अजून तिथेच असती.

त्यांनी फोनवर भाषांतर करून दाखवलं. हे आयरिस आहे. मूळ पोटात गेलं तर त्रास होईल. कृपया परत लावा. जूनमध्ये फुलं बघायला या.

कुंदा जूनपर्यंत थांबणार? दर गुरुवारी आम्ही बागेत. ती तण उपटायची, मी सूचना द्यायचे.

आणि जूनमध्ये फुललं सगळं! लाकडी फळ्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जांभळं, पांढरं, निळसर. पाकळ्या अशा सैल पडलेल्या, जणू आत्ताच प्रवासातून येऊन बसल्यात.

कुंदा म्हणाली, "अख्खं लग्नाचं वऱ्हाड आहे गं. ती जांभळी बघ, वरमाय. कुणाशी बोलत नाहीये."

सुकलेलं फूल रोज खुडावं लागतं, म्हणजे मागची कळी नीट उमलते. ते काम कुंदाला दिलं, मग आम्ही रोजच बागेत. पण खुडलेली फुलं कचऱ्याच्या पिशवीत टाकेना.

"हे निर्माल्य आहे. शैले, विचार त्यांना, निर्माल्य कुठल्या वारी टाकतात?"

मोरी-सान खूप वेळ विचार करून म्हणाले, "जळणारा कचरा. मंगळवार आणि शुक्रवार."

कुंदाने मंगळवार मान्य केला. गणपतीचा म्हणून.

मग त्यांनीच सांगितलं की रानातलं आयरिस वेगळं. दूर उत्तरेला, सेंदाई शहराच्या बाहेर, त्यांच्या बहिणीच्या गावामागे. कागदावर नकाशा काढून दिला.

कुंदाला पेसमेकर होता. तिच्या मुलीने, रुचाने, ट्रेनला सक्त मनाई केलेली.

"रुचाला कळलं तर?" कुंदा म्हणाली.

"तुझी रुचा ऑफिसला जाते. आपणही जाऊ."

बुधवारी सकाळी शिनकान्सेन, इथली बुलेट ट्रेन. मग बस. मग पायी.

तिथे फळ्यांची वाट नाही, नावांच्या पाट्या नाहीत. टेकडीमागचं ओलं गवत आणि त्यात मन मानेल तिथे उगवलेली जांभळी फुलं. बागेतल्यांपेक्षा लहान, शिडशिडीत, वाऱ्यावर सगळी एकदम हलणारी.

कुंदाने बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सरळ चिखलात उतरली. हसत सुटली. मीही उतरले. एकसष्टाव्या वर्षी, बँकेतून रिटायर झालेली बाई, चिखलात.

"शैले, यांना कुणी लावलं नाही, कुणी खुडत नाही. तरी बघ कशी आहेत!"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला आयुष्यात कुणी असं मोकळं सोडलंच नाही गं."

साडेपाचला घरी. रुचा आली तेव्हा ही मेथी निवडत होती.

"आई, कंटाळलीस ना दिवसभर?"

"हो गं. काय करणार."

मी समोर चहा पीत होते. ठसका लागला.

असे तीन वसंत झाले. मग डॉक्टर विमानाला नाही म्हणाले.

आज सकाळी फोनवर मी समीरला सेंदाईचं सांगून टाकलं, तशी त्याच्या हातून रुचाने फोन घेतला.

"मावशी, पेसमेकर असताना तुम्ही आईला सेंदाईला नेलंत?"

"नेलं. तीनदा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

तिने फोन ठेवला. तिचा राग मला मान्य आहे. पण तो मजकूर मान्य नाही.

म्हणून आजवर लपवलेला फोटो इथे टाकते आहे. चिखलातली, हसणारी, ती कुंदा.

कुंदे, तू गेलीस याचं दुःख आहेच. पण तुझ्यासारखी मजा मी कुणाबरोबर केली नाही. सुखात राहा.

आता समीर आणि रुचा. तक्रार कशी लिहायची हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलंय : तारीख, वेळ, मागणी, मुदत.

मागणी : "घरात रमणाऱ्या" हे शब्द काढा. सोफ्याचा फोटो काढा, हा छापा. रुचा, तुला मला काय बोलायचंय तेही लिही, सगळं वाचेन.

"हो मावशी" चालणार नाही. अंगठाही चालणार नाही.

उत्तर लेखी. गुरुवार, ११ जून, संध्याकाळी पाचच्या आत.